आपला वाटा किती? निफाडच्या एका द्राक्षबागेची तीन नुकसानं

हे प्रकरण निफाड तालुक्यातल्या साडेतीन एकर द्राक्षबागेचं आहे. बाग माझ्या ताईच्या सासरची, कारभार दाजींचा. त्यांना विचारूनच लिहितोय, गावाचं नाव तेवढं टाकू नको म्हणाले. मी स्वतः शेती करत नाही, नाशकात इंदिरानगरला राहतो, नोकरी हिशेबाची आहे, त्यामुळे त्या घरातली बिलं, बँकेची कागदं, कर्जाचं नवं-जुनं हे सगळं बरीच वर्षं माझ्या हातून जातंय आणि म्हणूनच जे झालं ते मला बाहेरच्या माणसापेक्षा थोडं जास्त जवळून दिसलं.

लिहायचं कारण एवढंच की अपयशातून शिका असं सगळेच सांगतात, पण नेमकं काय शिकायचं हे कोणी सांगत नाही. आणि चुकीचं शिकलं तर पुढचं अपयश आधीच्या अपयशातूनच उगवतं, हे मी या घरात डोळ्यांनी बघितलंय.

ज्यांना द्राक्षातलं माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे थॉमसन हे वाण आहे. वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते, आणि ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी, तिच्यावर माल येतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल काढणीपर्यंत साधारण एकशेवीस-एकशेतीस दिवस. डोळे फुटले की पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, मग घड दिसतो, मग दोडा, फुलोरा, मणी सेटिंग, डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) आणि शेवटी मण्यात पाणी उतरतं. या सगळ्या काळात डाऊनी, भुरी, करपा हे रोग, थ्रिप्स, मिलीबग या किडी, कोण ना कोण टपलेलं असतंच, म्हणून फवारणी चालूच. माल युरोपला द्यायचा असेल तर प्लॉटची अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदणी लागते, काढणीआधी लॅबचा माणूस बागेत येऊन सॅम्पल नेतो आणि रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासला जातो. प्रत्येक औषधाचा एक पीएचआय असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यात किमान किती दिवस गेले पाहिजेत तो आकडा. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे शंभर टन द्राक्षात मिळून एक ग्रॅम. इतक्या बारीक चाळणीतून माल जायचा असतो, तिथे "अंदाजे महिना झाला असेल" असं चालत नाही.

आता थोडं मागे जाऊ. २०१० साली युरोपात गेलेली भारतातली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे अडकली होती, आपल्याकडे ते सीसीसी किंवा लिहोसिन म्हणून ओळखलं जातं, काडीची वाढ रोखायला बागायतदार ते सर्रास वापरायचे. नाशिक जिल्ह्यात त्या वर्षी भल्याभल्यांचे पैसे बुडाले. तेव्हा आमच्या ताईच्या घरी कारभार तात्या, म्हणजे दाजींचे वडील बघायचे. त्या घरानं त्या वर्षातून काय धडा घेतला? तर लिहोसिन वापरायचं नाही. बस. एका बाटलीचं नाव लक्षात राहिलं. आपण काय मारतो, कधी मारतो, कोणाच्या सांगण्यावरून मारतो, हे कुठं लिहिलेलंच नसतं हा खरा घोळ, तो तसाच राहिला आणि नऊ वर्षं कोणाला जाणवला पण नाही, कारण नऊ वर्षं नशिबानं सॅम्पल पास होत गेले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅम्पल फेल गेला. माल एक नंबर होता, अठरा एमएमच्या वर साइज, घडाला रंग चांगला, निर्यातदाराचा माणूस येऊन बघून खूश होऊन गेला होता आणि रेटही तोंडी ठरला होता. रिपोर्टमध्ये एका औषधाचं नाव, सापडलेला आकडा आणि शेजारी मर्यादेचा आकडा, मर्यादेच्या कितीतरी वर. निर्यातदारानं फोनवर सांगितलं की लोकलला बघा. लोकलचा रेट म्हणजे जवळपास निम्मा.

दाजींचं पहिलं म्हणणं होतं की दुकानदारानं फसवलं. त्या हंगामात कृषी सेवा केंद्रातून एक टॉनिक आणलेलं होतं, बाटलीवर धड काही लिहिलेलं नव्हतं, आणि अशा टॉनिकमध्ये कीटकनाशक मिसळलेलं असतं हे तालुक्यात सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळे संशय अगदीच खोटा नव्हता. घरात, पारावर, नातेवाइकांत सगळीकडे तीच गोष्ट झाली, की टॉनिकनं घात केला. मी पण आधी तेच धरून चाललो होतो.

पण रिपोर्टमधलं नाव बघून ताई म्हणाली, "अहो, हे तर मिलीबगच्या बाटलीवरचं नाव आहे, ती बाटली अजून पंपाच्या खोलीत पडलीये." दाजी म्हणाले, "ते तर संक्रांतीच्या आधीच मारलं, त्याला किती दिवस झाले, त्याचं काही राहत नाही." त्या औषधाचा पीएचआय चाळीस दिवसांचा. संक्रांतीच्या आधी मारलं असेल तर काहीच प्रश्न यायला नको होता.

मग मी दुकानात गेलो, कारण उधारीचा हिशेब तसाही करायचा होता. दुकानदारानं उधारीची वही पुढं केली, लांब लाल वही, प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, खाली तारीख, माल, रक्कम आणि नेणाऱ्याची सही. दाजींच्या पानावर त्या औषधासमोर तारीख होती २७ जानेवारी. सही दाजींचीच. म्हणजे जी बाटली सव्वीस जानेवारीनंतर घरात आली ती संक्रांतीच्या आधी बागेत कशी जाईल? सॅम्पल नेला त्या दिवसापर्यंत महिनासुद्धा झालेला नव्हता.

दाजी खोटं बोलत नव्हते हे मी शपथेवर सांगेन. आधीच्या दोन-तीन हंगामांत ती फवारणी संक्रांतीच्या आधी झालेली होती, डोक्यात तीच तारीख बसलेली होती, आणि या वेळी मिलीबग उशिरा दिसला म्हणून औषध उशिरा आणलं, तेवढाच फरक मनानं पुसून टाकला. निकाल कळल्यावर माणसाची आठवण निकालाला सोयीची होत जाते. बरुख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये प्रयोगानं दाखवलंय की एकदा शेवट कळला की आपल्याला आधी काय वाटत होतं हे सुद्धा आपण बदलून आठवतो. त्यामुळे झाल्यावर बसून "माझं कुठं चुकलं" असं नुसतं आठवत राहून काही हाती लागत नाही. त्या दिवशीचा कागद लागतो. आमच्या बाबतीत तो कागद दुकानदाराकडे होता, आमच्याकडे नव्हता, हेच काय ते दुखणं.

इथं एक गोष्ट ताईची सांगायलाच पाहिजे. लोकलचा व्यापारी दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन यायला तयार होता. ताई म्हणाली चाळीस दिवस पुरे होऊ द्या, मग तोडा, "आपल्या पिंपळगावची, नाशकाची पोरं खातात म्हणून चालतं का?" घरात यावरून बराच वाद झाला, तात्या चिडले, कारण थांबलं की साखर वाढते, मणी मऊ पडतो, वजन घटतं आणि मार्चात आवक वाढून भाव अजून उतरतो. तसंच झालं. तरी तिनं थांबवलं. नुकसान अजून वाढलं, पण त्या अख्ख्या हंगामातला नीट विचार करून घेतलेला निर्णय हाच एक होता असं माझं मत आहे.

आता दुसरं नुकसान. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त याच्यावर लिहायचंय.

रेसिड्यूच्या धक्क्यानंतर दाजी काय शिकले, तर फवारणी वाईट. औषध कमी मारायचं. हे ऐकायला इतकं बरं वाटतं की कोणी विरोध पण केला नाही, उलट सगळे म्हणाले बघा किती सुधारले. ऑक्टोबर २०१९ ला छाटणी झाली, डोळे फुटले आणि परतीचा पाऊस जाईचना. त्या वर्षी ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस पडत होता, नाशिकच्या शेतकऱ्याला ते वर्ष विसरणं शक्य नाही. पानं रात्रंदिवस ओली, डाऊनीला याच्यापेक्षा चांगलं हवामान मिळणार नाही. आधी पानावर तेलकट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी, आणि दोन-चार दिवसांत ती थेट कोवळ्या घडावर. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे ते दिवस म्हणजे संरक्षण करायचेच दिवस, आणि नेमक्या त्याच दिवसांत दाजी हात आखडता घेऊन बसले. एक फवारणी सोडली, दुसरी लांबवली, कन्सल्टंटनं फोनवर सांगितलेलं निम्मंच ऐकलं. कारण डोक्यात फेब्रुवारीचा रिपोर्ट.

पण हिशेब बघा ना. पोंगा अवस्थेत मारलेल्या औषधाला काढणीपर्यंत शंभराच्या वर दिवस मिळतात. त्या वेळच्या शिफारशीतल्या फवारणीचा रेसिड्यूशी जवळपास संबंधच नव्हता. फेब्रुवारीत जे चुकलं ते औषध मारणं नव्हतं, तारीख न लिहिता उशिरा मारणं होतं. धडा होता "तारीख लिहा", शिकलं गेलं "मारू नका". आगीनं पोळलेल्या माणसानं चूलच बंद करावी आणि घर उपाशी राहावं, तसं झालं.

बागेतला निम्म्याहून जास्त माल घडावरच्या डाऊनीनं आणि कुजीनं गेला.

आणि मग फार वाईट गोष्ट झाली, ती म्हणजे सगळ्यांचंच गेलं. पंचनामे झाले, पेपरात फोटो आले, पुढारी बांधावर येऊन गेले. दाजींना म्हणायला जागा मिळाली की निसर्गापुढं कोणाचं चालतं. ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. शेजारच्या शिवारात तेच थॉमसन, छाटणी दोन-तीन दिवस इकडंतिकडं, चिखलात ट्रॅक्टर जाईना तर त्यांनी पाठीवरच्या पंपानं मारलं, पाऊस थांबेना तेव्हा मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी केली, आणि त्यांचा निम्म्याच्या वर माल वाचला. म्हणजे आमच्या नुकसानात मोठा वाटा पावसाचा होता आणि एक वाटा आमचा होता. सगळ्यांवर एकदम संकट येतं तेव्हा आपला वाटा त्यात लपून जातो, कोणी विचारत नाही, आपण पण विचारत नाही. माझ्या मते एकट्याच्या अपयशापेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण एकट्याचं अपयश झोप तरी उडवतं.

जो थोडा माल राहिला होता तो मार्चमध्ये निघायला आणि लॉकडाऊन लागायला एकच गाठ पडली. त्यावर वेगळं काही लिहायला नको, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे.

त्यानंतरचे काही महिने दाजी घरात कमी आणि पंपाच्या खोलीत जास्त असायचे. जेवण अर्धवट, फोन उचलायचे नाहीत, कोणाकडं जाणं नाही. तात्यांनी एक दिवस सगळ्यांसमोर म्हटलं की बाग तोडून टाका, मी लावली मीच सांगतो. ताईनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, पण एवढंच म्हणाली की तू इथं येऊन राहा काही दिवस. माझं ऑफिस तेव्हा घरूनच चालू होतं, मी लॅपटॉप घेऊन गेलो. मला मनापासून वाटतं की अशा काळात माणसाला "यातून काय शिकलात" असं कोणी विचारू नये. शिकायला आधी पोटात अन्न आणि डोळ्याला झोप लागते. नातेवाईक येऊन सल्ले देत होते, त्यातले बरेच चांगले होते, एकही आत जात नव्हता. तालुक्यात अशा दिवसांत कोणकोणत्या घरांत काय काय झालंय ते आपण ऐकलेलं असतं, त्यामुळे ताई रात्री दोनदा उठून बघायची ते कुठं आहेत. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, तो २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा नव्हता. असता तर मी लावून दिला असता.

घरात फवारणीच्या वहीची सुरुवात दाजींनी केली नाही, ताईनं केली. निर्यातीसाठी ग्रेपनेटच्या कामाला फवारणीची नोंद ठेवावीच लागते, पण बऱ्याच घरांत ती नोंद सॅम्पलच्या आधी एका बैठकीत आठवून आठवून भरली जाते, आमच्याकडे पण तेच चालायचं. ताईनं पोराची दोनशे पानी वही घेतली आणि त्याच दिवशी लिहायचं हा नियम केला. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पीएचआय, आणि तो धरून काढणी कधीपासून चालेल ती तारीख. इथपर्यंत सगळे करतात. तिनं अजून दोन रकाने आखले, एक "का मारलं" आणि दुसरा "कोणी सांगितलं". ते कशाला म्हणून मी विचारलं तर म्हणाली, तुमच्या दुकानदाराच्या वहीनं तारीख सांगितली, पण तो दिवस कसा होता हे नाही सांगितलं.

एप्रिलची खरड छाटणी झाली की थोडी उसंत मिळते, तेव्हा ती दोघं ही वही काढून बसतात आणि मागचा हंगाम ओळीनं वाचतात. पहिल्या वर्षी मी पण बसलो होतो. तेव्हा जे दिसलं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं. नडलेल्या फवारण्या, म्हणजे गरज नसताना मारलेल्या, दोनदा मारलेल्या किंवा घाईत भलतंच मिसळलेल्या, त्यांच्यासमोर "कोणी सांगितलं" मध्ये एकतर "ग्रुप" लिहिलेलं होतं नाहीतर काहीच नाही. व्हॉट्सअॅपवर रात्री कोणीतरी खराब घडाचा फोटो टाकतो, हा कुठला, किती दिवसांचा प्लॉट, काही माहिती नसतं, आणि सकाळी उठून आपल्या बागेत तेच औषध. उलट ज्या फवारण्यांसमोर "का" मध्ये साधं निरीक्षण होतं, जसं की "वरच्या प्लॉटला पूर्वेकडच्या ओळीत पाच पानांवर डाग", त्या बहुतेक बरोबर निघाल्या. दाजी स्वतः बाग बघून ठरवायचे तेव्हा चांगले ठरवायचे. घाबरून ठरवायचे तेव्हा चुकायचे. हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर राग आला असता, त्यांच्याच वहीत वाचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "म्हणजे मला द्राक्ष येतं."

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातलं हे सगळ्यात मोठं वाक्य आहे, कारण दोन वर्षं तो माणूस आपल्याला काहीच येत नाही असं धरून बसला होता.

पुढचे हंगाम बरे-वाईट गेले, एक वर्ष निर्यात झाली, एक वर्ष भावानं मारलं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. रिपोर्टची भीती मात्र गेली, कारण सॅम्पलचा माणूस यायच्या आधीच वही बघून काय निघेल आणि काय निघणार नाही हे माहिती असतं.

मग २६ नोव्हेंबर २०२३. त्या दिवशी संध्याकाळी निफाड आणि आजूबाजूच्या तालुक्यांत गारपीट झाली. बाग मणी सेटिंगमध्ये होती. काही मिनिटांत घडांचे दांडे मोडले, काड्या सोलल्या, पानांची चाळण झाली, ओळींमध्ये पांढरा थर. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा मनात २०१९ होतं, आधी दाजी कुठं आहेत हेच विचारलं. ते बागेतच होते, तात्यांबरोबर, मोडलेल्या काड्यांवर करपा चढू नये म्हणून काय मारायचं याचं बोलणं चालू होतं आणि ताई मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढत होती, पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी, कारण कळवायला मुदत असते.

एप्रिलला वही वाचायला बसले तेव्हा मला वाटलं होतं की या वर्षी वाचायचं काय, गारा कोणी अडवणार होतं का. पण दाजींनी वाचलं. छाटणीच्या नोंदीत होतं, साडेतीनही एकर एका आठवड्यात छाटली, "का" मध्ये लिहिलेलं "टोळी मिळाली". पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या हंगामात मिळणं अवघड असतं, आली की सगळं उरकून घ्यायचा मोह होतो, त्यात चूक काही नाही. पण त्यामुळे सगळे प्लॉट एकाच अवस्थेत आले आणि एकाच माराखाली गेले. ज्यांचा एखादा प्लॉट उशिरा छाटलेला होता, डोळे अजून फुटायचे होते, त्यांचं तेवढं वाचलं. दाजींनी समासात लिहिलं, "गार आपली नाही. सगळं एका आठवड्यात छाटणं आपलं." किती नेमकं लिहिलंय बघा. ना सगळं अंगावर घेतलं, ना सगळं आभाळावर ढकललं. २०१९ ला हेच जमलं नव्हतं.

तेव्हापासून छाटणी दोन टप्प्यांत होते. त्यानं मजुरी वाढते आणि फवारणीचं वेळापत्रक दोन ठेवावं लागतं, म्हणजे फुकटात काही नाही.

सध्या घरात वाद चालू आहे तो प्लास्टिक कव्हरचा. दाजींना निदान एक एकर झाकायचाय, अवेळी पाऊस आता दरवर्षीचाच झालाय असं त्यांचं म्हणणं. खर्च एकरी काही लाखांत जातो, अनुदान कधी आणि किती हातात पडेल त्यावर सगळं गणित अवलंबून. ताई म्हणते आधी सोसायटीचं आणि बँकेचं कमी करू, आणि खालच्या प्लॉटमधली जुनी झाडं काढून तिथं दोन वर्षं टोमॅटो घेऊ, पिंपळगावचा बाजार जवळ आहे. तात्या दोघांचं ऐकतात आणि म्हणतात आधी वहीत लिहा कोणाला काय वाटतं ते, आजच्या तारखेनं. तसं लिहून ठेवलंय, दोघांचं वेगवेगळं, कारणांसकट. निर्णय ऑक्टोबर छाटणीच्या आत घ्यायचाय, अनुदानाच्या अर्जाची कागदं माझ्याकडे आली आहेत, सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त व्हायचंय, ते झालं की अर्ज भरतो.